दलाल स्ट्रीटच्या आधीचा शेअर बाजार

मुंबई शेअर बाजाराची सुरुवात इमारतीत नव्हे, झाडाखाली झाली. 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली मोजकेच दलाल जमत. आज तिथे हॉर्निमन सर्कल आहे. त्याआधी या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत, आणि खरा पैसा आणला तो कापसानेच. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या ‘बॅक बे’ कंपनीच्या शेअरवर तर उड्या पडल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि 1 जुलैला, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, सगळा डोलारा कोसळला. त्या सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र शाबूत आहे.

दलालांची रीतसर संघटना 1875 ची. दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजाराचा जीजीभॉय टॉवर त्या मानाने अगदीच अलीकडचा. खुणा करत ओरडून होणारे सौदे 1995 मध्ये संगणक आल्यावर थांबले.

टाउन हॉल (एशियाटिक सोसायटी), हॉर्निमन सर्कल, 1822 पासूनच्या ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत, रिझर्व्ह बँक, दलाल स्ट्रीट हे सारं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. इमारती निवांत पाहायच्या असतील तर रविवारी सकाळी जा. बाजाराची लगबग हवी असेल तर कामाच्या दिवशी.