हात केव्हा लावावा, केव्हा लावू नये

घरातली सुगरण एकाच कणकेच्या दहा पोळ्या लाटते, तरी त्यांतली एक दुसरीसारखी तंतोतंत होत नाही. त्याबद्दल तिला कोणी जाब विचारीत नाही. कारखान्यात मात्र निराळा न्याय चालतो. लेथवरची पिन जरा जाड भरली की फोरमन कामगारावर डाफरतो, कामगार घाईघाईने यंत्र फिरवून बसवतो आणि दोघांनाही कर्तव्य बजावल्याचे समाधान लाभते. हे समाधान कित्येकदा खोटे असते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

मालात फरक पडतो तो दोन तऱ्हांच्या कारणांनी. धातूचा कमीअधिक कठीणपणा, यंत्राची थरथर, हवेतील उष्णता अशी असंख्य बारीक कारणे सदोदित चालूच असतात. हा योगायोगाचा खेळ. टूल बोथटणे, पट्टा सैल होणे ही दुसरी तऱ्हा. ही कारणे शोधून काढता येतात आणि काढलीच पाहिजेत. पण समोरचा फरक कोणत्या तऱ्हेचा, हे ओळखावे कसे?

अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये एका लहानशा टिपणात याचे उत्तर मांडले. तेच नियंत्रण-आलेखाचे मूळ.

समजा, पिनेचा व्यास सरासरीने २० मि.मी. भरतो. यंत्र सुरळीत असता एकेका पिनेचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप, ०.०२ मि.मी. आहे. दर तासाला चार पिना मोजून सरासरी काढली, तर त्या सरासरीचे विचलन निम्मे, म्हणजे ०.०१ येते. त्याच्या तिप्पट अंतरावर, २०.०३ व १९.९७ वर, दोन सीमारेषा आखावयाच्या आणि दर तासाचा ठिपका मांडावयाचा. प्रसामान्य वितरणाचा हिशेब सांगतो की, सारे सुरळीत असता ठिपका रेषांबाहेर जाण्याचा संभव सुमारे ३७० त एक. म्हणून तो बाहेर गेला, की यंत्र थांबवून कारण शोधावे. रेषा दुपटीवर आखल्या, तर बाविसांत एकदा उगाच हाकाटी होईल. चौपटीवर आखल्या, तर खरा दोष निसटेल. तिप्पट हा व्यवहाराने ठरविलेला समतोल आहे.

ठिपके सीमेच्या आत असले तरी डोळे उघडे हवेत. नाणे आठदा उडवून आठही वेळा छाप पडण्याचा संभव २५६ त एक. तेव्हा लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेषेच्या वरच पडले, तर संशय घ्यावा. कापडातील दोष मोजताना प्वासाँचे वितरण कामी येते. दर ताग्याला सरासरी ४ दोष असतील, तर विचलन ४ चे वर्गमूळ, म्हणजे २. वरची सीमा १०.

आता त्या घाईच्या हाताकडे वळू. प्रत्येक पिनेनंतर जेवढा फरक तेवढे यंत्र उलट फिरवले, तर पुढच्या पिनेत तिचा स्वतःचा फरक असतोच. शिवाय मागचा फरक उलटा होऊन तीत मिसळतो. विचलन ०.०२ चे ०.०२८ होते. सुधारणेच्या हौसेने माल बिघडतो तो असा!

शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले, तेव्हापासून आपल्याकडेही ही पद्धत रुजू लागली. तिचे मर्म मात्र पुष्कळदा हुकते. नियंत्रणसीमा यंत्राच्या वागणुकीतून निघतात. गिऱ्हाइकाची मर्यादा गिऱ्हाईक ठरवितो. आलेख शांत आहे आणि तरीही माल गिऱ्हाइकाच्या मर्यादेत बसत नाही, अशा वेळी कामगाराला दंड करून काय साधणार? यंत्र, कच्चा माल किंवा कामाची रीत बदलावी लागेल, आणि ते चालकांच्याच हाती असते. दोष कोणाचा हे आलेख सांगत नाही. पण दोष कोठे शोधू नये, हे तो निश्चित सांगतो. कारखान्यातील न्यायाला तेवढा आधार थोडा नव्हे.