राजाच्या तोंडी भाषा कोणाची?

गळ्याभोवती टॉवेल बांधून पलंगावरून उडी मारली नाही, असे मूल शोधूनही सापडायचे नाही. आमच्या पिढीने सुपरमॅन पाहून उड्या मारल्या. १९९७ नंतरच्या मुलांनी शक्तिमान पाहून अंगणात गिरक्या घेतल्या. मुलांना बलवान माणूस आवडतो. जो कोणाला भीत नाही, ज्याच्यापुढे गुंड थरथरतात, असा कोणीतरी आपल्या बाजूचा असावा असे त्यांना वाटते. त्यात गैर काहीच नाही. पण आपल्या बाजूचा म्हणजे कोणाच्या? तो दिसतो कोणासारखा? तो बोलतो कोणाच्या भाषेत? हा प्रश्न मुलांना पडत नाही, मोठ्यांनाही क्वचितच पडतो. अमेरिकेतील एका काळ्या नटाला तो पडला. त्या नटाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

त्याचे नाव चॅडविक बोझमन. २०१८ साली आलेल्या ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटात त्याने टी-चाला नावाच्या आफ्रिकी राजाची भूमिका केली. काळा पोशाख चढवून वाघासारखी झेप घेणारा हा राजा जगभरच्या मुलांच्या दप्तरांवर आणि बनियनांवर जाऊन बसला. पण वाचकहो, त्या पोशाखाच्या आतला माणूस अधिक ओळखण्यासारखा आहे.

गिरणीकामगाराचा मुलगा

चॅडविकचा जन्म २९ नोव्हेंबर १९७६ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यातील अँडरसन या गावी झाला. वडील कापडगिरणीत कामाला, शिवाय गाद्या-खुर्च्या मढवण्याचा जोडधंदा. आई परिचारिका. तीन भावंडांत हा धाकटा. शाळेत असताना बास्केटबॉलच्या संघातील त्याच्या एका सोबत्याचा गोळी लागून मृत्यू झाला. त्या दुःखाचे काय करावे हे त्या पोराला कळेना. त्याने बसून एक नाटक लिहिले आणि शाळेत बसवले. कलेशी त्याची गाठ पडली ती अशी.

पुढे तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकायला गेला. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. काळ्या समाजाचे कितीतरी वकील, डॉक्टर, लेखक येथून घडले. तेथे असताना इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या एका नाट्य अभ्यासवर्गासाठी त्याची आणि त्याच्या काही सोबत्यांची निवड झाली. पण पैसे कोठून आणायचे? त्यांच्या शिक्षिका, प्रसिद्ध अभिनेत्री फिलिशिया रशाद यांनी ओळखीच्या लोकांपुढे शब्द टाकला. त्याची फी भरली ती नामवंत नट डेन्झेल वॉशिंग्टन यांनी. चॅडविकने ही गोष्ट बरीच वर्षे मनात जपली आणि २०१९ साली भर समारंभात वॉशिंग्टन यांच्या तोंडावर सांगितली. तुम्ही नसता तर हा पँथर झालाच नसता, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

शिष्यवृत्तीचे मोल काय असते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, म्हणून पुढचा इतिहास घडला.

पहिली नोकरी गेली

हॉवर्डमधून २००० साली पदवी घेतल्यावर काही वर्षांनी चॅडविकला दूरदर्शनच्या एका दीर्घ मालिकेत काम मिळाले. पैसा असा, की त्याने तो आयुष्यात पाहिला नव्हता. भूमिका होती टोळीत सापडलेल्या एका काळ्या तरुणाची. दोन भाग चित्रित झाले. वरची मंडळी कामावर खूश होती. त्यांनी बोलावून पाठ थोपटली आणि काही विचारायचे असेल तर विचार, असे म्हटले.

त्याने विचारले, “या मुलाचा बाप कोठे आहे?” उत्तर आले, तो लहानपणीच सोडून गेला. “आणि आई?” ती नशेच्या आहारी गेलेली. चॅडविकने नम्रपणे विचारले, की या पोराच्या अंगी काही गुण, काही कौशल्य आहे का? त्याच्या घरात काही चांगले आहे का? दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढले. काही काळ त्याच्याविषयी असा बोभाटाही झाला, की हा पोरगा अडचणीचा आहे.

२०१८ साली हॉवर्डच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःच ही हकीकत विद्यार्थ्यांना सांगितली. आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते. पोटापाण्यासाठी मिळालेले काम, आणि त्या कामात आपल्याच समाजाची विटंबना. असा प्रसंग आपल्या किती कलावंतांवर आला असेल! पडद्यावर आपला माणूस आला तर तो दारूडा, नाही तर मार खाणारा. घरात पुस्तके आहेत, आई पोरांना अभ्यासाला बसवते, बाप ड्युटीवरून येऊन वह्या तपासतो, असे आपले घर किती सिनेमांत दिसले? चॅडविकने प्रश्न विचारला आणि नोकरी गमावली. पण पुढे त्याने ज्या भूमिका केल्या त्या पाहा. २०१३ साली जॅकी रॉबिन्सन. हा १९४७ मध्ये गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये पाऊल टाकून रंगभेदाची भिंत पाडणारा खेळाडू. २०१४ साली गायक जेम्स ब्राऊन. २०१७ साली थरगूड मार्शल. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल मिळवणारे आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झालेले वकील ते हेच.

पँथर आणि पँथर

ऑक्टोबर २०१४ मध्ये ब्लॅक पँथरच्या भूमिकेसाठी त्याचे नाव जाहीर झाले. येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येणारच. हा पँथर आणि आपला पँथर यांचे नाते काय?

चित्रकथेतला ब्लॅक पँथर जुलै १९६६ च्या अंकात प्रथम आला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे त्याचे निर्माते. त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. पक्षाचे नाव चित्रकथेवरून घेतलेले नाही. अलाबामा राज्यातील काळ्या मतदारांच्या एका संघटनेने त्याआधीच काळा चित्ता ही निशाणी घेतली होती, तिच्यावरून ते आले. आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती या पक्षाचे नाव डोळ्यांपुढे ठेवून. तेव्हा सिनेमातला राजा हा आपला सख्खा भाऊ नव्हे, पण नात्यातला खरा. चित्रपटाचे दिग्दर्शक रायन कूगलर यांचा जन्मही ओकलंडचाच आणि चित्रपटाची सुरुवातही ओकलंडच्या गरीब वस्तीतच होते.

उच्चाराची लढाई

टी-चाला हा वाकांडा नावाच्या कल्पित देशाचा राजा. कथा अशी, की या देशावर गोऱ्यांचे राज्य कधीच आले नाही. मग हा राजा इंग्रजी कसे बोलणार? स्टुडिओतील काही मंडळींना काळजी होती, की आफ्रिकी धाटणीचे उच्चार पूर्ण सिनेमाभर प्रेक्षकांना झेपतील की नाही. चॅडविकने ठाम सांगितले, की ज्या देशाला कोणी जिंकलेच नाही त्याचा राजा लंडनच्या साहेबासारखा का बोलेल? त्याच्यासाठी हा मुद्दा तडजोडीचा नव्हता.

त्याने दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषेचे वळण धरले. ही नेल्सन मंडेला यांची मातृभाषा. तिच्यात जिभेने टाळूवर टकटक आवाज काढून उच्चारायचे वर्ण आहेत, ते परक्याला सहज जमत नाहीत. २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ या चित्रपटात टी-चाला प्रथम दिसला. त्यात त्याच्या वडिलांची भूमिका दक्षिण आफ्रिकेचे थोर नट जॉन कानी यांनी केली. कानी यांची मातृभाषाच खोसा. बाप-लेक एकमेकांशी आपल्या भाषेत बोलतील असे चित्रीकरणाच्या वेळीच ठरले आणि चॅडविकने त्याच दिवशी आपली वाक्ये पाठ केली. पुढे कूगलर यांनी हा प्रसंग संकलनापूर्वी पाहिला. दोन काळी माणसे, बाप आणि लेक, राजाच्या रुबाबात आपल्या भाषेत बोलत आहेत! हा सिनेमा आपण करायचाच, असे त्यांच्या मनाने तेथेच घेतले.

भाषेचा हा अपमान आपल्यालाही ठाऊक आहे. वस्तीतली बोली बोलल्यावर वर्गात हसलेली मुले कोणाला आठवत नाहीत? दलित साहित्य आले तेव्हा पांढरपेशांनी पहिले नाक मुरडले ते भाषेवरच. ज्या भाषेत आईने जेवायला हाक मारली ती भाषा गावंढळ ठरते आणि साहेबाची भाषा शुद्ध ठरते. चॅडविकने हे उलटे केले.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘ब्लॅक पँथर’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. ठिकठिकाणी लोकांनी वर्गणी काढून गरीब वस्त्यांतील मुलांना थिएटरात नेले. जगभर चित्रपटाने १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत यांची तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर ही पारितोषिके घेणाऱ्या पहिल्या काळ्या महिला ठरल्या. आमच्या माताभगिनींनी आणखी एक पाहावे. या सिनेमात राजाची धाकटी बहीण शुरी ही देशातील सर्वांत हुशार शास्त्रज्ञ आहे आणि राजाच्या रक्षक दलाची सेनापतीही बाईच आहे.

पोशाखाच्या आत

आता शेवटची गोष्ट. २८ ऑगस्ट २०२० रोजी चॅडविक बोझमन गेला. वय अवघे ४३. तेव्हा जगाला कळले, की २०१६ सालीच त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते, तोही तिसऱ्या टप्प्याचा. २०१७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’चे चित्रीकरण झाले तेव्हा हा आजार त्याच्या अंगात होता. त्यानंतरचे कितीतरी चित्रपट त्याने शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांच्या मधल्या दिवसांत केले. दिग्दर्शक कूगलर यांनाही हे ठाऊक नव्हते.

२०१८ साली एका मुलाखतीत त्याने कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील दोन लहान मुलांविषयी सांगितले होते. हा सिनेमा येईपर्यंत तग धरायचा, अशी त्या लेकरांची धडपड होती. पण ती त्याआधीच गेली. हे सांगताना चॅडविकला हुंदका आवरला नाही. ऐकणाऱ्यांना वाटले, हळवा नट आहे. तो स्वतःही त्याच दुखण्याच्या वाटेवर होता, हे कोणाला माहीत होते? २०२२ साली पुढचा भाग आला तेव्हा टी-चालाच्या भूमिकेत दुसऱ्या कोणालाही घेतले नाही. राजा वारला असेच दाखवून कथा पुढे नेली.

त्याच्या धीराला आमचा प्रणाम. पण येथे थोडे थांबून वडीलकीच्या नात्याने बोलतो. चॅडविकने आजार जगापासून लपवला, डॉक्टरांपासून नाही. त्याने उपचार घेतले. आपल्या घरांत उलटे होते. खाडा पडेल, पगार कापला जाईल, पोरांना काळजी लागेल, लोक काय म्हणतील, म्हणून माणूस दुखणे घरातल्यांनाही सांगत नाही. शौचातून रक्त पडले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष काढतो. हे करू नका. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेले वजन, अंगातले रक्त कमी होऊन येणारा थकवा, यातले काहीही दिसले तर सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. घरात पूर्वी कोणाला हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हा रोग बहुधा आतड्यातील लहान गाठींपासून सुरू होतो. दुर्बिणीच्या तपासणीत त्या गाठी सापडल्या तर वेळीच काढून टाकता येतात. तरुणांना तो होत नाही हा समज चॅडविकच्या मृत्यूने खोटा ठरवला. २०२१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी सर्वसाधारण माणसाने ही तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले.

जत्रेतून काळा मुखवटा आणून तुमचे पोर घरभर झेपा घेत असेल तर घेऊ द्या. दमून मांडीवर येऊन बसले, की त्याला या माणसाची गोष्ट सांगा. सांगा, की तो गिरणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा होता. त्याने आपल्या लोकांना हलके दाखवणारे काम मुकाट्याने केले नाही, आधी प्रश्न विचारला. आणि राजा झाल्यावर त्याने साहेबाचे उच्चार उसने घेतले नाहीत.


जयभीम!