विमान पडतं ते वायरीमुळे!

टेक-फेस्ट जवळ आलं की हॉस्टेलच्या व्हरांड्यात थर्मोकोलची रिमोटवाली विमानं दिसायला लागतात. कोणाचं डिझाइन भारी, कोणाची मोटर पॉवरफुल, यावर रात्र-रात्र वाद रंगतात. वायरींकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. आता तुम्हीच सांगा, पंखातल्या सर्व्होची वायर उडताना तुटली, तर महिनाभराची मेहनत खाली यायला किती सेकंद लागणार?

सर्व्होला तीन वायरी असतात. फुटाबाच्या काळी, लाल आणि पांढरी, तर जेआरच्या तपकिरी, लाल आणि नारिंगी. लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि ती मधोमध. यात एक गंमत आहे. प्लग उलटा खोचला तरी लाल जागेवरच राहते, त्यामुळे सहसा काही जळत नाही, सर्व्हो नुसता गप्प बसतो. पण वायर कापून जोडताना ही सोय संपली. तिथे लालच्या जागी काळी गेली, तर सर्व्होचा धूर!

वायर पंखापर्यंत पुरत नाही म्हणून ती वाढवावी लागते. तिन्ही वायरी पट्टीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या वेगळ्या करताना ब्लेड शेवटपर्यंत ओढत नेऊ नका. टोकाशी दोन वायरींच्या मधल्या खाचेत जेमतेम अर्धा सेंटिमीटर चीर द्या आणि पुढे हातानेच हळूहळू सोलत जा. ब्लेड जरा तिरकं गेलं की इन्सुलेशन कापलं जातं आणि आतलं तांबं उघडं पडतं. जेवढी लागते तेवढीच, म्हणजे तीन-चार सेंटिमीटर वेगळी करा. मग तिन्ही वायरी एकेक सेंटिमीटरच्या फरकाने कापा, म्हणजे जोड शेजारी-शेजारी येत नाहीत आणि स्लीव्ह फाटली तरी शॉर्ट होत नाही.

आता मुख्य काम. आधी श्रिंक स्लीव्ह वायरीत ओवून लांब सरकवून ठेवा (सोल्डर झाल्यावर ती आठवते, हा जगाचा नियम आहे). साधारण एक सेंटिमीटर तांबं उघडं करा, दातांनी नव्हे! दोन्ही टोकं समोरासमोर आणून एकमेकांवर आडवी ठेवा आणि प्रत्येक टोक दुसऱ्या वायरीभोवती गुंडाळा. तारयंत्राच्या काळात लाइनमन असेच जोड द्यायचे. अमेरिकेतल्या तार कंपनीवरून त्याला वेस्टर्न युनियन जोड म्हणतात. सोल्डर न लावताही हलक्या ओढीला तो टिकला पाहिजे. सोल्डर म्हणजे काही फेविकॉल नव्हे.

सोल्डर लावताना आयर्नने वायर तापवा आणि वायरीला सोल्डर वितळवू द्या. आपलं नेहमीचं ६०/४० सोल्डर १९० डिग्रीच्या आतच वितळतं, तेव्हा २५ वॅटचं आयर्न भरपूर झालं. फ्लक्स रोझिनचाच हवा. अ‍ॅसिडवाला नको, तो नंतर तांबं खातो.

खरी गोम पुढेच आहे. जास्त वेळ तापवलं की सोल्डर बारीक तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. तेवढी वायर काडीसारखी कडक होते. इंजिनच्या थरथरीने ती वाकते कुठे? जिथे कडक भाग संपून मऊ सुरू होतो, नेमकी तिथेच. तारा एकेक करून आतल्या आत तुटतात आणि बाहेरून जोड एकदम झकास दिसतो. म्हणून सोल्डर थोडं आणि झटपट. स्लीव्ह दोन्ही बाजूंना इन्सुलेशनवर चांगली चढलेली हवी आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे वायर बॉडीला पक्की करा. नुसती काळी टेप हा शुद्ध आळस आहे. मे महिन्यात तिचा गोंद पातळ होतो आणि टेप घसरते.

लायपो बॅटरीच्या वायरींना मात्र वेगळा नियम. दोन्ही वायरी एकदम कटरमध्ये घ्यायच्याच नाहीत. कटरचं पातं लोखंडी असल्यामुळे तिथेच शॉर्ट होतो आणि करंट शंभर अँपिअरच्या वर सहज जातो. एक कापा, जोडा, स्लीव्ह चढवा, मगच दुसरीला हात लावा.

सगळं झालं की सर्व्हो चालू ठेवून प्रत्येक जोड बोटांनी हलवून बघा. सर्व्हो जराही अडखळला, तर तो जोड कापून नवा करा, मगच ग्राउंडवर जा.