मोहाची फुले, आग्या माशी आणि मार्च महिन्याचा घरखर्च



मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मुक्कामाला होते. संध्याकाळी अंगणात सात-आठ बायका जमल्या. मुलांची शाळा मध्येच का सुटते, यावर बोलायचे मी ठरवून गेले होते. पण बोलणे त्या वाटेला गेलेच नाही.

"यंदा मोहाला कळ्या बऱ्या धरल्यात, ताई. आभाळ आलं नाही म्हणजे झालं."

"वरच्या सावरीवर आग्या बसलाय. पोरांना तिकडून जाऊ देऊ नका."

"होळीला तेल घेतलं तेव्हाच हात आखडला. आता मोह पडेपर्यंत उधारीच."

मला वाटले, दिवसभर राबलेल्या बायका आहेत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आहेत, मारू द्यावे. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की झाडाच्या कळ्या, चावणारी माशी आणि तेलाचा भाव हे त्यांच्यासाठी तीन विषय नव्हतेच. तो एकाच घराचा हिशेब होता, आणि मुलांची शाळाही त्यातच होती. तो हिशेब आपल्या वाचकांना समजावा, म्हणून हा लेख.

झाड

आपल्यापैकी अनेकांना मोह म्हटले की दारूच आठवते. दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत, ते मी लपवणार नाही. पण मोहाला नुसते दारूचे झाड म्हणणे म्हणजे ज्वारीला नुसते कडब्याचे पीक म्हणण्यासारखे आहे.

वसंतात मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस, मखमली कळ्यांचे घोस लागतात. फूल मांसल, फिकट पिवळसर आणि गोड असते. ते रात्री उमलते. वटवाघळे त्यावर येतात आणि परागीभवनाचे मोठे काम तीच करतात. मग पहाटेपासून फुले टपटप खाली पडू लागतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरे खातात, मुंग्या लागतात, फुले काळवंडतात. म्हणून घरातले सगळे, लहान मुलेसुद्धा, अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. एका झाडाचा बहर दोन-तीन आठवडेच चालतो. त्यात एखादा अवकाळी पाऊस आला, तर वर्षाची कमाई मातीत जाते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सेमिनरीतून पदविका घेऊन मी नव्यानेच या भागात आले, तेव्हा या दिवसांत रविवारच्या सकाळच्या उपासनेला माणसे येत नसत. मी एका सभेत त्यावर नाराजीने बोलले. सभा संपल्यावर एक आजी जवळ येऊन म्हणाली, "बाई, फूल सोमवारपर्यंत थांबत नाही." पुढच्या वर्षापासून आम्ही मोहाच्या दिवसांत उपासना संध्याकाळी ठेवू लागलो. शाळेतल्या गैरहजेरीचे एक कारणही तेव्हाच समजले.

वेचलेली फुले अंगणात तीन-चार दिवस वाळवतात. चार-पाच किलो ओल्या फुलांची जेमतेम किलोभर सुकी फुले होतात. ती भाजून, कुटून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात, तीळ घालून लाडू करतात, गुरांनाही घालतात. पुढे फळे येतात आणि त्यांच्या बियांचे तेल निघते. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते, त्या दिवसांत हीच सुकी फुले पोटाला आधार देतात.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही गावकऱ्यांशी स्पष्ट बोलतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची जुनी सवय आहे. ती आग जंगलात पसरते, मोहाची कोवळी रोपेही जळतात आणि म्हातारी झाडे गेल्यावर त्यांच्या जागी नवी येत नाहीत. पाला झाडून बाजूला ओढला, किंवा झाडाखाली जुनी लुगडी अथवा जाळी अंथरली, तर फुले स्वच्छही मिळतात.

माशी

याच दिवसांत पळस, पांगारा, सावर फुललेली असतात आणि त्यांच्या मागोमाग माश्या येतात. बायकांच्या बोलण्यात चार नावे येतात. फुलोरी लहान असते, झुडपाच्या फांदीवर छोटेसे एकच पोळे बांधते. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी करते आणि पेटीतही पाळता येते. आग्या सर्वांत मोठी आणि रागीट. उंच झाडाला किंवा कड्याला तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते. फुलोरा असेल तिकडे ती मुक्काम हलवते, पेटीत राहत नाही. चौथी गांधीलमाशी. ती मध देत नाही, पण पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. मधमाशी एकदाच डंख मारते, कारण तिच्या नांगीला उलटे काटे असतात. नांगी आपल्या कातडीत अडकून राहते आणि माशी मरते.

त्या अडकलेल्या नांगीबरोबर विषाची पिशवी असते आणि ती काही वेळ विष आत सोडतच राहते. म्हणून नांगी शक्य तितक्या लवकर नखाने खरवडून काढावी. डंखाच्या जागी एक वास सुटतो आणि तो वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. त्यामुळे तिथे उभे राहून हात झटकू नयेत. तोंड, डोके कपड्याने झाकून सरळ पळत सुटावे आणि घरात शिरून दार लावावे. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घोंघावत राहतात. जागा साबणाने धुऊन गार फडके ठेवावे. माती किंवा शेण लावू नये. चेहरा, ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली किंवा खूप डंख झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

मध काढायची जुनी पद्धत अशी की रात्री पेटती मशाल लावून माश्या जाळायच्या आणि सगळे पोळे कापून आणायचे. त्यात अंधारात माणूस झाडावरून पडतो, माश्या मरतात आणि पिळलेल्या मधात अळ्या मिसळून तो लवकर आंबतो. खरे तर आग्याच्या पोळ्यात मध वरच्या जाड भागात असतो आणि अंडी-अळ्या खाली असतात. अंगभर पोशाख व जाळीचा बुरखा घालून, हलका धूर देऊन तेवढाच मधाचा भाग कापला, तर माश्या पोळे सोडत नाहीत. तो भाग त्या पुन्हा भरतात आणि फुलोरा टिकला तर त्याच हंगामात पुन्हा मध मिळतो. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घरट्यातल्या पक्षिणीला सोडून द्यायचा नियम आहे. तो मी या तरुणांना वाचून दाखवते, तेव्हा तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला समजतो.

हिशेब

आता त्या अंगणातल्या एका वहिनींचा गेल्या वर्षीचा हिशेब सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव मात्र लिहीत नाही.

घरातल्या पाच माणसांनी मिळून १०० किलो सुका मोह केला. होळीची उधारी डोक्यावर होती: तेल, गूळ, मीठ, मुलांचे कपडे. म्हणून सगळा मोह वाळल्याबरोबर व्यापाऱ्याला दिला. त्याने ५ किलो "घट" म्हणून कापले आणि ९५ किलोचे २८ रुपयांप्रमाणे २,६६० रुपये हातावर ठेवले.

त्याच आठवड्यात त्यांचा थोरला मुलगा मित्रांबरोबर आग्याचा मध काढायला गेला. धूर नीट झाला नाही आणि माश्या अंगावर आल्या. रात्री जीप ठरवून त्याला दवाखान्यात न्यावे लागले. जीपचे १,५०० आणि औषधांचे ९०० गेले. मुलगा वाचला, प्रभूचे उपकार. पण मोहाच्या कमाईतले उरले २६० रुपये. श्रावणात घरातले दाणे संपले, तेव्हा तोच मोह त्यांनी त्याच व्यापाऱ्याकडून किलोला ५० रुपये देऊन थोडा थोडा परत आणला. जूनमध्ये मुलीच्या वह्या घ्यायला पैसे नव्हते. मला ज्या गळतीबद्दल बोलायचे होते, ती अशी सुरू होते.

कायदा यांच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, मध यांसारख्या गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुक्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव किलोला ३० रुपये केला. पण जवळपास खरेदी केंद्र नसेल आणि घरात मीठ नसेल, तर दारात आलेला व्यापारी सांगेल तोच भाव. गरज मार्चमध्ये असते आणि भाव पावसाळ्यात चढतो. मधले तीन-चार महिने थांबण्याची ऐपत नसणे, हीच खरी गरिबी.

म्हणून यंदा त्या पाड्यावरच्या बचत गटाने तीन साध्या गोष्टी केल्या. स्वतःचा वजनकाटा घेतला, त्यामुळे "घट" थांबली. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्या घेतल्या, कारण पावसाळी हवेत मोह ओलावा धरतो आणि त्याला कीड लागते. आणि जी बाई अर्धा मोह कोठीत ठेवेल, तिला होळीची उधारी फेडायला गटाच्या बचतीतून आगाऊ रक्कम द्यायचे ठरले. ५० किलो मोह २८ ऐवजी ५० रुपयांनी विकला गेला, तर घरात १,१०० रुपये जास्त येतात. शहरात हा आकडा लहान वाटेल. त्या घरात तो वह्यांचा, चपलांचा आणि पेरणीच्या बियाण्याच्या एका हिश्शाचा खर्च आहे. भाव चढेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण निदान घरचा मोह परत विकत आणावा लागणार नाही.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळीतून कुणी विचारतात, "आदिवासींसाठी काय पाठवू?" जुने कपडे नकोत असे मी म्हणत नाही. पण एक कोठी, एक वजनकाटा किंवा मध काढणाऱ्या तरुणासाठी एक पोशाख ही मदत अनेक हंगाम टिकते. मोहाचे लाडू किंवा स्वच्छ काढलेला मध मिळाला, तर योग्य भावाने घ्या, घासाघीस करू नका. आणि मोहाचे नाव निघाले की हसू नका.

निघायच्या दिवशी पहाटे मीही टोपली घेऊन वहिनींबरोबर गेले. तासाभरात माझी कंबर धरली आणि टोपलीचा तळही झाकला नव्हता. त्यांची टोपली दोनदा भरून झाली होती. सावरीखालची वाट आम्ही दोघींनी टाळली. थोरला मुलगा आमच्या पुढे चालत होता. यंदा त्याने बुरखा मागितला आहे. आपल्या प्रार्थनेत या घराची आठवण असू द्या.