मावशीने ओळखलेला वारा

वडील गेले त्याला चार महिने झाले होते. आईचे जेवण निम्म्यावर आले होते, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. रोग काही निघाला नाही. मग आम्ही उभयतांनी आपल्या अकलेने तिला 'पौष्टिक' खाऊ घालायचे ठरवले. सकाळी काकडी-कोबीची कोशिंबीर, दुपारी भिजवलेले मूग, रात्री फ्रिजमधले दूध. आई मुकाट्याने ताट बाजूला सारी.

अखेर श्रावणात तिला तिकोणा पेठेला मावशीकडे नेले. कामशेतला लोकलमधून उतरून पवनानगरमार्गे गावात पोहोचलो, तेव्हा समोरचा किल्ला ढगांत बुडाला होता. मावशीने बहिणीचा हात हातात घेतला अन् मला म्हणाली, "अरे, अक्काच्या अंगात वारं शिरलंय! आणि तू तिला काकडी चारतोस होय?"

त्या रात्री चुलीपाशी पाट मांडले गेले. लसणीच्या फोडणीचे हुलग्याचे कढण, मऊ इंद्रायणी भात आणि वर तूप. मावशी माहेरच्या गोष्टी सांगत होती. आई प्रथमच वडिलांविषयी बोलली, रडली, आणि तिने पुन्हा भात मागितला.

मावशीचा हा 'वारा' मनातून जाईना, म्हणून पुण्यात परतल्यावर पुस्तके चाळली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो व वात खवळतो, असे सांगितलेच आहे. त्यावर उपाय म्हणजे उष्ण, स्निग्ध, ताजे अन्न. याच ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. पण त्याआधीच, अकराव्या शतकात, रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) या पंडिताने तो तिबेटी भाषेत नेला होता!

तिबेटी वैद्यकातही वात, पित्त, कफ आहेत. त्यांना तेथे लुंग, ट्रिपा, बेकेन म्हणतात. 'ग्युशी' या त्यांच्या मुख्य ग्रंथात लुंग बिघडण्याची कारणे वाचून मी चपापलो: उपास, जागरण, हलके व रूक्ष अन्न, आणि शोक. उपचारात तूप-लोण्यासारखे स्निग्ध, पोषक अन्न आहे. शिवाय उबदार जागा व जिवलगांची सोबतही आहे. मावशीने यातले एक अक्षर वाचलेले नाही.

वाचकहो, एकच ताट घरातल्या सर्वांना मानवत नाही. पित्त उसळणाऱ्या आमच्या चिरंजिवांना ते लसणीचे कढण बाधले असते. शिवाय आधी डॉक्टरांकडे जावे, हेही विसरू नये. आम्ही तपासण्या केल्या म्हणूनच निश्चिंतपणे चुलीपाशी बसू शकलो.

आता घरी रात्री आठाला आईचे पान वाढले जाते. भात गरम असतो. आणि मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसतो. तुपाइतकेच तेही औषध आहे, हे मला जरा उशिरा कळले.