‘करमणुकी’ची 27 वर्षे

1890 च्या ऑक्टोबरात पुण्याहून ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक निघू लागले, तेव्हा त्याचे संपादक हरि नारायण आपटे अवघे सव्वीस वर्षांचे होते. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी 1885 साली ‘पुणे वैभवा’तून प्रसिद्ध झालेली होती, म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात लिहिण्याचा अनुभव त्यांच्या गाठीस होता, आणि तरीही स्वतःचे पत्र काढावे असे त्यांना वाटले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांनी समाजाला कठोर शब्दांत जागे करण्याचे व्रत घेतले होते. तेच कार्य गोडीने, माजघरातील बायकामुलांच्याही गळी उतरेल अशा रीतीने करावे, हा हरिभाऊंचा हेतू होता. हे पत्र 1917 पर्यंत चालले. त्या प्रदीर्घ कालखंडाकडे आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मला निःसंशय दिसते, ती ही की, मराठी कादंबरीला तिचा खरा आवाज सापडला तो लेखकाच्या मालकीच्या या पानांवर.

तो आवाज प्रथमपुरुषी होता, हा योगायोग नव्हे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणुकी’त येऊ लागली ती यमूच्या तोंडून; आणि तिच्यामागून आलेल्या दुसऱ्या कादंबरीचे तर नावच ‘मी’. दर आठवड्यास ज्या घरात आपला अंक जावयाचा, त्या घराशी लेखकाने व्यासपीठावरून बोलावे हे हरिभाऊंना मानवले नसावे. ते ‘वाचकहो’ म्हणून मध्येच थांबतात, समजूत घालतात आणि पुन्हा कथेकडे वळतात. संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात सभा उधळल्या जात होत्या, मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणारा तो कायदा 1891 मध्ये मंजूर होत होता, आणि त्याच महिन्यांत यमू आपले बालपण, आपले लग्न, आपले सासर हप्त्याहप्त्याने सांगत होती. पुढे पती रघुनाथराव यांच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींच्या घरात बळजबरीने तिचे केशवपन होते. तो प्रसंग वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरात तशीच एखादी आलवणातील बाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्या क्षणी बसलेली असेल. कोणत्याही निबंधाला जे साधले नसते ते तेथे साधले; कारण वाचक यमूला कित्येक महिने ओळखत होता.

मी ज्या वैशाखरे गावी राहून लिहितो ते नाणेघाटाच्या पायथ्याशी आहे. कल्याणकडून जुन्नरला जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग हाच; माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, ज्यात तांड्यांकडून जकात जमा होई असे परंपरा सांगते. ‘करमणुकी’नेही हरिभाऊंकडून अशीच जकात दर आठवड्यास वसूल केली. आनंदाश्रमाची व्यवस्था, तेथील संस्कृत ग्रंथांचे प्रकाशन, पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपद, एवढा कारभार सांभाळून अंकाचा मजकूर ठरल्या वारी द्यावाच लागे. मागे जाऊन प्रकरण छाटण्याची, पाल्हाळ आवरण्याची सवड नसे. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांच्या विस्ताराचा दोष पुष्कळ टीकाकारांनी दाखविला आहे आणि तो खरा आहे. पत्र बंद पडले त्या सुमारास ‘कर्मयोग’ अपुरीच राहिली, आणि 1919 च्या मार्चमध्ये हरिभाऊ निवर्तले.

स्वतःचे पत्र चालविण्याचा याच जातीचा प्रयोग रशियात दस्तयेव्हस्कीने 1876 आणि 1877 या दोन वर्षांत केला होता. ‘लेखकाची रोजनिशी’ हे मासिक तो जवळजवळ एकट्याने लिहीत असे, त्यात न्यायालयातील खटले, स्वतःच्या आठवणी, राजकीय मते आणि मधूनच एखादी कथा येई. परंतु पुढची कादंबरी लिहिण्यासाठी त्याला ते मासिक थांबवावे लागले. हरिभाऊंनी पत्र आणि कादंबरी यांची अशी फारकत केली नाही. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ यासारख्या स्फुट गोष्टी त्यांनी लिहिल्या, आपल्या पत्रात केशवसुतांच्या कवितांना जागा दिली, आणि कवीच्या निधनानंतर त्या कवितांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. स्वतःचे पान असले म्हणजे ते केवळ स्वतःपुरते ठेवू नये, हा धडा या वर्तनात आहे.

तथापि वैशाखऱ्यात बसून तो धडा घेताना मला त्याची दुसरी बाजूही स्पष्ट दिसते. ‘करमणुकी’च्या पानांतील सामाजिक जग मुख्यतः पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांचे आहे. मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्टीतील ठाकर, महादेव कोळी, कातकरी, कुळकायद्यापूर्वीचा खंडाने नाडलेला कुणबी, यांच्यापैकी कोणी त्या कादंबऱ्यांचा नायक झाला नाही. कारण हरिभाऊंनी जे जवळून पाहिले तेच निष्ठेने लिहिले, आणि आमचे खोरे त्यांच्या दृष्टिपथात नव्हते. म्हणून त्यांचे अनुकरण म्हणजे वाड्यातील कथा पुन्हा लिहिणे नव्हे. भातलावणी आटोपताच वीटभट्टीची उचल घेऊन बसलेल्या कुटुंबाची काळजी ज्याच्या ओटीवर रोज बोलली जाते, त्या लेखकाने ती काळजी त्याच कुटुंबाच्या मुखाने, हप्त्याहप्त्याने, ठरल्या वारी सांगावी. रचनेत उणीव राहिली तरी सांगावी. सत्तावीस वर्षे नियमाने वाचकांपुढे उभे राहून हरिभाऊंनी सिद्ध केले ते हेच की, कादंबरीकाराला परिपूर्णतेची वाट पाहण्याचा हक्क असला, तरी ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना तितका वेळ नसतो.