‘फूट’ या मापाचे मूळ

इंग्रजीतील ‘फूट’ म्हणजे मुळात पाऊल. परंतु कवठे येमाईच्या परिसरात विहिरीची खोली सांगताना तो शब्द उच्चारणाऱ्या शेतकऱ्यास पायाचे स्मरणही होत नाही, इतका तो मापवाचक होऊन मराठीत रुळला आहे. वस्तुतः तो संस्कृत ‘पाद’ शब्दाचा सगोत्र होय. जर्मानिक भाषांत मूळ ‘प’काराचा ‘फ’ आणि ‘द’काराचा ‘ट’ झाला, आणि ‘पितृ’शी नाते सांगणाऱ्या ‘फादर’चा ‘फ’ही त्याच नियमाने आला. डोंगराचा पायथा व कवितेतील गण यांनाही इंग्रजीत हाच शब्द लागतो, आणि आपल्याकडे श्लोकाच्या चतुर्थांशास ‘पाद’ अथवा ‘चरण’ म्हणतात, हे साम्य मला फार हृद्य वाटते.

आपली मापेही देहावरूनच बेतलेली : जुन्या जमाबंदीत पाच हात व पाच मुठी मिळून एक काठी, २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, आणि विहीर तर परसांनी, म्हणजे पुरुषभर उंचीने, मोजली जाई. पुढे इंग्रजी अमलातील मोजणीने ३३ फूट लांब व तितकाच रुंद असा गुंठा रूढ केला. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर असले, तरी बांधावरचा सौदा गुंठ्यांतच ठरतो.